मागितलं ते मिळालं नाही, तेव्हा प्रार्थना कशी करावी

उसाचं बिल अडकतं, ठरलेलं लग्न मोडतं, भरतीच्या यादीत मुलाचं नाव पुन्हा येत नाही. तरी रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, "सगळं बरं आहे, प्रभूची स्तुती असो" म्हणून परत यायचं आणि हळूहळू उपासनेला जाणंच सोडायचं, हे बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत घडतं. राग देवापासून लपवला की प्रार्थना खोटी वाटू लागते, आणि खोटी वाटणारी प्रार्थना फार दिवस टिकत नाही.

म्हणून आधी तक्रार मांडायला शिका. नमुन्याला बायबलमधलं स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, त्यातही "किती वेळ" हा प्रश्न चारदा. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. वहीत असेच तीन भाग पाडा. तक्रार मोघम नको. "प्रभू, मी फार दुःखी आहे" यात काहीच सांगितलं जात नाही. "डिसेंबरात ऊस गेला, पैसे नाहीत, सोसायटीचा हप्ता थकला आणि तू गप्प आहेस" असं लिहा. मंडळीची उपासना कानडीत असो की इंग्रजीत, वही मात्र ज्या बोलीत घरात भांडता त्याच बोलीत लिहा. पुस्तकी भाषेआड लपणं फार सोपं असतं. मागणी एकच ठेवा, आणि ती पुरी झाली की नाही हे ओळखता येईल अशी.

बिघडतं ते तिसऱ्या भागात. दोन ओळी तक्रार झाली की अपराधी वाटतं आणि उरलेलं पान घाईघाईने आभारांनी भरलं जातं. भरवशाच्या ओळी मनातून येत नसतील तर तो भाग कोरा सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी स्तोत्र २२ ची पहिली ओळ आली, तीही तक्रारच (मत्तय २७:४६). लिहिलेलं पान मोठ्याने वाचा. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज उकरलं तर प्रार्थना मागे पडते आणि नुसती चरफड उरते.

आता शरीराकडे बघा. एलीया संदेष्ट्याने झाडाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं (१ राजे १९). तेव्हा निराशेच्या भरात लांब उपास धरू नका, साखरेचा आजार असेल तर मुळीच नाही. कुणी "विश्वास असेल तर गोळ्या सोड" म्हटलं तर त्याचं ऐकू नका. झोप आणि भूक दोन आठवडे हरवली असेल तर डॉक्टरांकडे जा. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

देवाकडे काय मागायचं आणि माणसांकडे काय, हेही वेगळं काढा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेशात आहे. त्यामुळे तुंबलेलं बिल ही आधी कारखान्याची थकबाकी आहे. तिला विश्वासाची परीक्षा म्हणून गप्प बसू नका. वजनपावत्या जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रार्थनाही चालू ठेवा.

सोबतीला एकच माणूस निवडा. प्रार्थनासभेत सांगितलेलं दुःख संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या माणसाला आधीच सांगा, "उत्तर नको, नुसतं ऐक." बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, पुढे बोलले त्यावर देवाचा कोप झाला (ईयोब ४२:७). "तुझंच काही पाप असेल" म्हणणाऱ्याला योहान ९:३ वाचायला द्या; जन्मांधाचं आंधळेपण कुणाच्या पापामुळे नाही, असं येशू तिथं सांगतो. अर्पण वाढवलं की चमत्कार होईल, असा हिशेब मांडणाऱ्यापासून लांब राहा.

नात्यातली मावशी "सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोल" म्हणेल. ती मायेनेच बोलते. वाद घालू नका. "मावशी, माझं मागणं मी मांडलंय" एवढं पुरे.

गीत तोंडातून निघत नसेल त्या रविवारी शेवटच्या बाकावर बसा आणि गाऊ नका, पण जा. पाळकांना आदल्या दिवशी फोन करून ठेवा, म्हणजे ते साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, पुढे बोलावणार नाहीत.