टाकाऊ लाकडाचा पाइप टॅम्पर: या चुका टाळा

पाइपमधली तंबाखू पेटली की फुगून वर येते. ती हलकेच खाली बसवायची आणि पुन्हा काडी लावायची. हे बसवायचं काम करणारी बोटाएवढी दांडी म्हणजे टॅम्पर. मराठीत तिला ‘ठासणी’ म्हणावंसं वाटतं, पण ठासणीच्या बंदुकीत दारू ठासतात तशी तंबाखू ठासली तर हवा कोंडते आणि पाइप विझतो. इथे टॅम्परच्या वजनाला बोटाचा जेमतेम आधार पुरतो. म्हणून टॅम्पर मजबूत हवाच, पण त्याहून जास्त महत्त्वाचा आहे त्याचा तळ.

सगळ्यात जास्त टॅम्पर मोडतात ते लाकडाच्या रेषांमुळे. माझा पहिला टॅम्पर जुन्या सागवानी चौकटीच्या तुकड्याचा होता. तुकडा आखूड, म्हणून मी तो आडवा कापला. दिसायला सुरेख झाला, पण तिसऱ्या-चौथ्या वापरात मानेपाशी, म्हणजे तळाच्या वरच्या बारीक भागाशी, बिस्किटासारखा सरळ तुटला. रेषा दांडीच्या लांबीला समांतर नसतील तर बारीक मान टिकतच नाही. तिरप्या रेषा तर जास्त फसवतात, कारण वरून लाकूड ठीक दिसतं. यावर खात्रीचा उपाय म्हणजे करवतीने न कापता फोडून घेणं. साधारण १०० मिमी लांबीचा तुकडा उभा ठेवा, माथ्यावर पटाशी टेकवा आणि हातोडीचा एक हलका ठोका द्या. लाकूड ‘टक्’ करून आपल्याच रेषेवर उघडतं. फुटलेली बाजू वाकडी निघाली तर रेषाही वाकड्या आहेत. तो तुकडा बाजूला ठेवा. आणि मान ६ मिमीपेक्षा बारीक करू नका.

आता तळ. बहुतेक पाइपच्या वाटीचा आतला व्यास १८ ते २१ मिमी असतो, आणि पुष्कळ वाट्या खाली निमुळत्या होतात. तळ वाटीच्या मापाचा केला की सुरुवातीला झकास बसतो, पण अर्धी तंबाखू जळल्यावर मध्येच अडकतो. १३ ते १४ मिमी पुरे. तळ सपाट हवा, पण कडा कानसीने मारून गोल करा. वाटीच्या आत काजळीचा थर जमतो, तोच पाइपच्या लाकडाला आचेपासून वाचवतो. धारदार कडेने त्याच्या खपल्या निघतात.

तळाला पॉलिश ही दुसरी हमखास चूक. चपडी लाखेचं स्पिरिट पॉलिश दांडीवर फार छान दिसतं. सावंतवाडीच्या खेळण्यांवर लाख चढते तीच मुळी कातताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने. निखाऱ्याजवळही ती तशीच मऊ पडणार आणि राख चिकटणार. तुमच्या टॅम्परला राखेचा लगदा लागत असेल तर कारण बहुतेक हेच. तळ पॉलिश पेपरने कोऱ्या लाकडापर्यंत घासा आणि तसाच ठेवा. तो काळा पडेल, त्याची काळजी नको. लाकूड भुसभुशीत होऊन झडायला लागलं तर मात्र कानसीने एक मिलिमीटर उतरवा.

दांडीला घरातलं गोडं तेल किंवा खोबरेल लावू नका. ही तेलं वाळत नाहीत, चिकट राहतात, नंतर खवट वास येतो. अळशीचं तेल वाळतं. पातळ हात द्या आणि दुसऱ्या दिवशी पुसा. तेलाचा बोळा मात्र चुरगळून कचऱ्यात टाकू नका! ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. तो पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाकडाची निवड इथे चैनीची बाब नाही, कारण ते निखाऱ्याला लागणार आहे. प्लायवूड आणि एमडीएफ नकोच, त्यात गोंद असतो. रंग दिलेलं जुनं लाकूड नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं. कण्हेर विषारी आहे, तिची फांदी घेऊ नका. पॅकिंगच्या पॅलेटवर शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घेऊ नका. पहिलंही बहुधा पाइनचं असतं. ते मऊ, आणि तापलं की राळेचा वास येतो. शिसव, बाभूळ, चिंच उत्तम. बाभळीची ओली फांदी असेल तर घाई नको, माथ्यांना मेण लावून सावलीत ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

पितळी तळ बसवायचा असेल तर नुसत्या इपॉक्सी गोंदावर विसंबू नका, तो तापून मऊ होतो. पितळी स्क्रूच आत पिळा आणि सागावर गोंद धरत नसेल तर आधी ॲसिटोनने पुसा. सागाचं तेल गोंदाला आड येतं.

लेथ नसेल तर ड्रिलच्या चकमध्ये तुकडा धरून घासता येतो. धरण्यापुरता २५ मिमी भाग जास्तीचा ठेवा आणि शेवटी कापा, नाहीतर चकच्या जबड्याचे वळ कायमचे राहतात. हातमोजे काढा, बाही वर करा. आणि मास्क घाला: लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे, शिसवीच्या भुशाने तर अनेकांच्या अंगाला खाजही सुटते.