एमएसचं इंजेक्शन स्वतः घेताय? या चुका टाळा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते असा आजार. त्याच्या रुग्णांना स्वतःचं इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. सुई टोचायला बहुतेक सगळे एका बैठकीत शिकतात. बिघडतं ते नंतर, घरी गेल्यावर, आणि दरवेळी त्याच त्या कारणांनी. तेच तेच बघून जीव थकतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

"कमी वेळा टोचायचं ते द्या"

औषध निवडताना बरेच जण एवढाच विचार करतात. सुईची भीती मला समजते, पण हिशोब नुसत्या सुयांचा नसतो.

ग्लॅटिरामर रोज २० मिलिग्रॅम किंवा आठवड्यातून तीनदा ४० मिलिग्रॅम घ्यावं लागतं. त्याचा त्रास मुख्यतः कातडीला होतो. इंटरफेरॉन बीटाचे प्रकार बरेच आहेत: कुठलं एक दिवसाआड, कुठलं आठवड्यातून तीनदा, स्नायूत घ्यायचं आठवड्यातून एकदा, तर पेगिंटरफेरॉन दोन आठवड्यांनी एकदा. इथे टोचणं कमी होऊ शकतं, पण इंजेक्शननंतर काही तासांनी कणकण येते, थंडी वाजते, अंग मोडून येतं. शिवाय लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी ठराविक अंतराने करावी लागते. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते इंटरफेरॉन सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. हे लोक हमखास लपवतात.

ऑफाट्युमुमॅब सुरुवातीला आठवड्याच्या अंतराने तीनदा आणि चौथ्या आठवड्यापासून महिन्यातून एकदा घ्यायचं असतं. इंजेक्शन म्हणजे जुनं आणि कमजोर औषध, असं समजणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत हे औषध आणि टेरिफ्लुनोमाइडची गोळी यांची तुलना झाली. इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये रिलॅप्सचं, म्हणजे आजार पुन्हा उसळण्याचं, प्रमाण गोळीवाल्यांच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी होतं. मात्र ते प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशी कमी करतं, त्यामुळे आधी हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लसीकरण उरकावं लागतं. जिवंत विषाणूंची लस किमान चार आठवडे आधी, बाकीच्या शक्यतो दोन आठवडे आधी. "लगेच सुरू करा" म्हणून घाई करणाऱ्यांना मी इथेच थांबवते.

मूल हवं असेल तर तो विषय पहिल्याच भेटीत काढा. औषधाची निवड त्यावर बदलू शकते.

रोज त्याच जागी टोचणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे.

रोज ग्लॅटिरामर घेणारी एक बाई तपासणीला आली होती. सगळं व्यवस्थित चाललंय म्हणाली. कुठे टोचता विचारलं, तर उजव्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "इथेच. आणि सिस्टर, आता तर इथे दुखतसुद्धा नाही. जागा तयार झाली." मी बोटांनी दाबून पाहिलं. कातडी ताठ झाली होती आणि मध्ये खळगा पडला होता, माझी तीन बोटं आडवी बसतील एवढा. त्या जागेची चरबी विरघळली होती. याला लिपोअ‍ॅट्रॉफी म्हणतात. ग्लॅटिरामरमध्ये ती ठाऊक असलेली गोष्ट आहे आणि पडलेला खड्डा बहुधा भरून येत नाही. दुखणं थांबलं म्हणून ती खूश होती, आणि तिला हे सांगणं मला फार जड गेलं. तिला पहिल्या दिवशी जागा बदलायला सांगितलं होतं. पण पलंगावर बसल्या बसल्या उजव्या हाताला उजवी मांडी सोयीची पडते, आणि सोय हळूहळू सवय होते.

त्वचेखाली घ्यायच्या ग्लॅटिरामरसाठी सात जागा आहेत: दोन मांड्या, दोन दंडांची मागची बाजू, दोन्ही कुल्ल्यांचा वरचा भाग आणि पोट. पोटावर बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब राहायचं. एका जागेची पाळी आठवड्यातून एकदाच. मी प्रत्येकाला वार ठरवून देते: सोमवार उजवी मांडी, मंगळवार डावी, असं. आठवड्यातून तीनदा घेणाऱ्यांनी वार सोडून क्रम धरायचा आणि जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. दर पाळीला त्या भागातही दोन बोटं सरकायचं. फोनमधल्या अ‍ॅपला माझी हरकत नाही, पण टोचलेल्या जागेवर खूण करायला फ्रिजच्या दारावर लावलेलं माणसाचं चित्र आणि शेजारी दोरीला बांधलेलं पेन यावर माझा जास्त भरवसा आहे, कारण औषध काढायला तिथे जावंच लागतं.

महिन्यातून एकदा उजेडात उभं राहून सगळ्या जागांवरून हात फिरवा. गाठ, खळगा, काळपट डाग, गरम लागणारी जागा सापडली तर तिथे टोचणं बंद आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवायचं. कातडी काळी पडून चिघळू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दंड आणि कुल्ला एकट्याला जमत नसेल तर घरच्या कुणाला तरी शिकवायला घेऊन या. त्यात संकोच कसला?

फ्रिजमधून काढलं की लगेच टोचलं

गार औषध जास्त झोंबतं. वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवा. गरम पाण्यात बुडवणं, मायक्रोवेव्ह, उन्हात ठेवणं, यातलं काहीही नको. बहुतेक औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असतात. गोठलेलं औषध वितळून पुन्हा नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटून डबा ठेवू नका. फ्रिजबाहेर किती दिवस चालेल ते प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, आपल्या डब्यातला कागद वाचा.

बारीकसारीक, पण रोजचं

स्पिरिट वाळू द्या, ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की आग होते. टोचल्यावर चोळू नका, कोरडा कापूस नुसता दाबून धरा. भरून आलेल्या ग्लॅटिरामरच्या सिरिंजमधला छोटा बुडबुडा बाहेर काढायच्या फंदात पडू नका, औषध वाया जातं. इंजेक्शनचं पेन वापरत असाल तर ते लगेच उचलू नका, औषध पूर्ण गेल्याची खूण दिसू द्या. राहिलेला डोस भरून काढायला दोन डोस एकत्र कधीही नाही. वापरलेल्या सुया जाड, झाकणाच्या डब्यात.

इंटरफेरॉनचा ताप म्हणजे रिलॅप्स नव्हे

डोस हळूहळू वाढवायला सांगतात त्यामागे कारण आहे. पहिल्याच आठवड्यात पूर्ण डोस घेऊन "मला झेपतं" दाखवणारे पुढच्या आठवड्यात औषध सोडायच्या गोष्टी करतात. मी झोपायच्या आधी घ्यायला सांगते, म्हणजे कणकणीचा मोठा भाग झोपेत निघून जातो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधी आणि किती, ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं डोकं वर काढतात. पाय जड होतात, नजर धूसर होते. लोक घाबरून म्हणतात, औषधाने आजार वाढला. ताप उतरल्यावर लक्षणं ओसरली तर तो नवा रिलॅप्स नाही. ताप किंवा संसर्ग नसताना नवी लक्षणं चोवीस तासांहून जास्त टिकली, तर मात्र फोन करायचा.

ग्लॅटिरामरनंतर छाती आवळल्यासारखी होणं

टोचल्यावर काही मिनिटांत चेहरा लाल होणं, धडधड, छातीवर दाब, श्वास अपुरा वाटणं असं काहींना होतं आणि बहुधा थोड्याच वेळात आपोआप निवळतं. पण "हे होतंच" म्हणून सोडून देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधावर अ‍ॅनाफिलॅक्सिसचा ठळक इशारा छापायला लावला. ही जीवघेणी अ‍ॅलर्जी पहिल्या डोसला येते तशी वर्षानुवर्षं औषध चालू असतानाही येऊ शकते. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, घशात आवळणं, भोवळ, किंवा त्रास निवळण्याऐवजी वाढत जाणं यांपैकी काहीही झालं तर तातडीची मदत बोलवा. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका.

न सांगता बंद करणं

ही माझी दुसरी दुखरी नस. तपासणीत सगळे "चालू आहे" म्हणतात आणि घरी न उघडलेले डबे साठत असतात. कारण नेहमी एकच: "फरक जाणवत नाही." फरक जाणवण्यासाठी ही औषधं नाहीतच. गेलेली ताकद ती परत आणत नाहीत, पुढचं नुकसान कमी करतात. इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामरच्या मूळ चाचण्यांत रिलॅप्स साधारण एक तृतीयांशाने कमी झाले होते. म्हणजे औषध नीट घेऊनही एखादा रिलॅप्स येऊ शकतो. औषध लागू पडतंय का, हे रिलॅप्सची नोंद आणि एमआरआय पाहून ठरतं.

टोचून टोचून कंटाळा आला असेल तर तसं तोंडावर सांगा. आम्ही रागावत नाही. डोस चुकवले असतील तर तेही सांगा. तुम्ही औषध घेताय असं धरून डॉक्टर एमआरआय वाचतात, नवे डाग दिसले की औषध निकामी ठरवतात आणि तुम्हाला त्याहून जहाल औषधावर नेतात, ज्याची तुम्हाला कदाचित गरजही नव्हती. औषध बदलता येतं, पेन बदलता येतं, वेळ बदलता येते. त्यासाठी खरे किती डोस घेतले, तो आकडा आम्हाला लागतो.