बॅटलशिपला चिकटणाऱ्या फ्रिगेटचं काय करायचं?

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या गेममध्ये बॅटलशिपच्या, म्हणजे मोठ्या युद्धनौकेच्या, तोफांचा मारा जबरदस्त, पण त्या वळतात फार सावकाश. एखादं फ्रिगेट (छोटं, चपळ जहाज) हजार मीटरवर येऊन घिरट्या घालू लागलं की नेम लागणं जवळपास अशक्य. म्हणून ते पोचायच्या आधीच उडवा. ते सरळ तुमच्या अंगावर येत असतं तेव्हा त्याची आडवी गती नगण्य असते, आणि मायक्रोवार्पड्राइव्ह (वेग एकदम वाढवणारं यंत्र) चालू असेल तर त्याचा सिग्नेचरही, म्हणजे तोफांना ते किती मोठं दिसतं तो आकार, चांगलाच फुगलेला असतो. तोफांसाठी खरी संधी हीच! ओव्हरव्ह्यूमध्ये (आसपासच्या जहाजांच्या यादीत) अँग्युलर व्हेलॉसिटीचा, म्हणजे ते तुमच्याभोवती किती झपाट्याने फिरतंय त्याचा, रकाना आधीच चालू करून ठेवा. आकडा खाली आला की गोळी सोडा. बरेच जण फक्त अंतराकडे बघत बसतात, आणि तिथेच चुकतात.

तरीही ते जवळ आलंच, तर वेब (समोरच्याला मंद करणारं यंत्र) लावून त्याचा वेग पाडा आणि 5 हलके ड्रोन (छोटी स्वयंचलित लढाऊ यानं) सोडा. जड ड्रोन त्याच्या मागे नुसते धावत राहतात. मला मात्र सगळ्यात भरवशाचा वाटतो तो हेवी न्यूट्रलायझर, म्हणजे समोरच्या जहाजाची ऊर्जा संपवणारं यंत्र. फ्रिगेटचा कपॅसिटर (ऊर्जेचा साठा) इतका लहान असतो की एक-दोन फेऱ्यांत तो रिकामा होतो, तुम्हाला अडवून धरणारा त्याचा स्क्रॅम्बलर बंद पडतो आणि तुम्हाला वार्प करून (अतिवेगाने लांब उडी मारून) निघता येतं. त्यासाठी एखाद्या ग्रहाच्या दिशेने जहाज आधीच वळवून ठेवा.