ओरोमो भागातल्या एखाद्या तालुक्याचा धार्मिक इतिहास घरबसल्या कसा लिहायचा

आमच्या ठाण्याच्या अभ्यासगटात यंदा इथिओपिया घेतलाय आणि तिघाचौघांनी विचारलं की ओरोमो लोकांच्या एखाद्या ग्रामीण तालुक्याचा धार्मिक इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच सगळं टाईप करतेय. तिथे तालुक्याला ओरोमोत ‘आना’ म्हणतात आणि अम्हारिकमध्ये ‘वोरेडा’, सर्च करताना दोन्ही टाकून बघा.

सगळ्यात आधी, वहीत मूळ धर्म, ख्रिश्चन, इस्लाम असे रकाने आखायचे नाहीत. मी आधी तेच केलं आणि महिनाभराचं काम परत करावं लागलं, कारण एक धर्म आला म्हणून आधीचा उठून गेला असं तिथे झालेलंच नाही. घणसोलीला माझ्या आजीच्या देवघरात एकवीरेचा फोटो होता आणि त्याच खिळ्याला मलंगगडावरून आणलेला हिरवा दोरा, आता तिला कुठल्या रकान्यात घालणार? ओरोमोंचा ‘वाका’ म्हणजे वरचा एकच देव, पण हाच शब्द त्यांच्या बायबलच्या भाषांतरातही आहे आणि मुसलमान ओरोमोंच्या तोंडीही येतो.

मग तालुका कुठल्या दिशेला आहे ते बघा, अर्धी गोष्ट तिथेच कळते. पश्चिमेला वोल्लेगा असेल तर प्रोटेस्टंट मिशन येणारच. ओनेसिमोस नसीब हा लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकलेला ओरोमो मुलगा, १८७० मध्ये तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात सुटला, स्वीडिश मिशनकडे शिकला, आणि आस्टर गन्नो या तशाच गुलामीतून सुटलेल्या बाईच्या मदतीने त्याने बायबल ओरोमोत आणलं. नवा करार १८९३ चा, म्हणजे ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं तेच साल, आणि पूर्ण बायबल १८९९ चं. १९०४ मध्ये तो वोल्लेगातल्या नेकेम्ते गावी परत गेला.

तालुका आग्नेयेला आर्सी किंवा बाले या प्रांतांत असेल तर गोष्ट वेगळी. १८८० च्या दशकात शेवाचा राजा मेनेलिक (पुढे इथिओपियाचा सम्राट झाला) याच्या फौजांनी आर्सी जिंकलं, जमिनी गेल्या, सैनिकांच्या वस्त्यांबरोबर ऑर्थोडॉक्स चर्च आलं, आणि बऱ्याच आर्सी लोकांनी इस्लाम जवळ केला. जिंकणाऱ्यांचा धर्म नको ही भावना त्यात मोठी होती, त्यामुळे इथे जमिनीचा इतिहास सोडून नुसता धर्माचा लिहिलात तर काहीच उलगडत नाही. बालेतल्या शेख हुसेनच्या दर्ग्याला आजही माणसं हातात दुबेळकं असलेली काठी घेऊन लांबून जातात. नैऋत्येचं जिम्मा परत निराळं, तिथे व्यापारी आणि राजे यांच्यामार्फत इस्लाम आधीच रुजला होता.

आता नकाशा उघडा, मला यातच सगळ्यात जास्त मिळालं. गावांच्या नावात ओडा, मल्का, होरा, तुल्लू शोधा. ओडा म्हणजे आपल्या उंबराच्या कुळातलं मोठं झाड, त्याच्या सावलीत गदाची सभा भरायची (गदा म्हणजे दर आठ वर्षांनी सत्ता पुढच्या गटाकडे देणारी पद्धत, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली). मल्का म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा, होरा म्हणजे खारट पाण्याचा झरा किंवा तळं, तुल्लू म्हणजे टेकडी. इरेचा हा सण पाण्याकाठीही होतो आणि टेकडीवरही. पावसाळा संपला की पाण्याकाठी हिरवं गवत आणि पिवळी फुलं पाण्याला लावून वाकाचे आभार मानायचे, आणि कोरड्या दिवसांत टेकडीवर पाऊस मागायचा. सगळ्यात मोठा मेळा बिशोफ्तूच्या होरा अर्सदी तळ्यावर भरतो.

तारखांना जपा. इथिओपियाचं वर्ष ११ सप्टेंबरच्या आसपास बदलतं, डिसेंबरपर्यंत त्यांच्या सालात ७ मिळवायचे आणि जानेवारीपासून ८, शकात ७८-७९ मिळवतो तसंच. म्हातारी माणसं साल सांगतच नाहीत, अमक्याच्या गदात झालं असं सांगतात, तेव्हा किती गदा झाल्या ते मोजून आठाने गुणा, अंदाज येतो.

मिशनऱ्यांची पत्रं वाचा पण त्यांची विशेषणं उचलू नका. काल्लू म्हणजे तिथला परंपरागत धर्मगुरू, त्याला सरळ जादूटोणा करणारा म्हणून टाकलेलं सापडेल. आपल्याकडे १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमधलं वारल्यांबद्दलचं वाचताना जी सावधगिरी ठेवतो तीच इथे ठेवायची, काय बघितलं ते घ्या आणि काय ठरवलं ते बाजूला काढा.

ओळखीतून एखादा ओरोमो विद्यार्थी भेटला तर चहाला बोलवा, पण ‘तुमच्या गावाचा धर्म कुठला’ असं विचारू नका, तो जनगणनेसारखं एका शब्दात उत्तर देईल. ‘पाऊस लांबला की तुझी आजी कुठे जायची’ असं विचारा. उत्तरात एखादं झाड, डोह किंवा टेकडी येईल, त्यावर नकाशात टिंब काढा आणि मग विचारा की आज तिथे काय उभं आहे.