पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याआधी

सामान आणण्याआधी भाड्याचं रिकामं घर एकदा अंधार पडल्यावर बघून घ्या. दिवसा सगळीच घरं स्वच्छ दिसतात. सिंकखालच्या कपाटाचं दार उघडून मोबाईलचा टॉर्च थेट बिजागरीवर मारा. खाचेत मिरपूड सांडल्यासारखे काळे कण असतील तर ती झुरळांची घाण. दाराच्या चौकटीवर टकटक करा. लाकूड पोकळ वाजलं किंवा भिंतीवरून मातीची बारीक नळी वर गेलेली दिसली तर वाळवी आहे असं धरून चाला. फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. 'राहायला गेल्यावर सांगू' म्हणालात की ती झुरळं तुमची झाली.

भाडेकरारात किडींचा उल्लेख आहे का, हे सहीआधी शोधा. नसेल तर दोन ओळी घालून घ्या: खर्च कोणी कधी करायचा आणि कळवल्यापासून किती दिवसांत माणूस बोलवायचा.

पुढे कधी किडा दिसलाच तर चपलेने चिरडून मोकळे होऊ नका. सेलोटेपने कागदावर चिकटवा, खाली तारीख आणि जागा लिहा. हास्यास्पद वाटेल, पण किडा कुठला हे ठरलं की निम्मं भांडण मिटतं. वाळवी इमारतीची, तिथे भाडेकरूला दोष देण्यात अर्थ नाही. उंदीर असेल तर आधी भोक शोधा. लहान उंदराला जेमतेम ६ मिलिमीटरची फट पुरते आणि पाइपाभोवतीची तशी फट बुजवणं हे मालकाचंच काम. रात्रभर खरकटं तसंच पडून राहत असेल तर मात्र भाडेकरूने आधी स्वतःकडे बघावं. सगळ्यात अवघड ढेकूण. ते बॅगेतून येतात, जुन्या सोफ्यातून येतात, शेजारच्या घरातून भिंतीच्या फटीतूनही येतात. स्वच्छतेशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे मालकांनी 'तुम्ही घाण ठेवता' हे वाक्य गिळलेलंच बरं. त्यापेक्षा शेजारची, वरची आणि खालची घरंही तपासून घ्यावीत.

तक्रार फोनवर केली तरी लगेच मेसेजही टाका: काय दिसलं, कुठल्या खोलीत, कधीपासून, कधीपर्यंत माणूस हवा. रागाचं एक वाक्यही नको. हाच मेसेज पुढे तिसऱ्या कुणीतरी वाचायचा असतो.

माणूस येणार ठरलं की जेल (झुरळांनी खावं म्हणून लावायचं विषारी आमिष) लावणार की फवारणी, हे आधी विचारा. जेल असेल तर कपाटं रिकामी करा आणि नंतर तिथे स्प्रे मारू नका. वासाने झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत. फवारणी असेल तर भांडी-धान्य झाकून ठेवा, माशांच्या टाकीचा पंप बंद करून ती नीट झाका, मुलं आणि पाळीव प्राणी बाहेर, आणि परत किती तासांनी यायचं ते लिहून घ्या. ढेकणांसाठी कपडे पिशवीत बांधूनच मशीनपर्यंत न्या आणि ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गादी मात्र जागची हलवू नका. मी एकदा ती हॉलमध्ये ओढत नेली होती; थोड्याच दिवसांत सोफ्याच्या शिवणीत काळे ठिपके दिसले. औषधाने ढेकणांची अंडी बहुधा मरत नाहीत, आठवडा-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी होणारी दुसरी फेरी पहिल्याच व्यवहारात ठरवा, नाहीतर तिचे पैसे कुणी द्यायचे यावर नवा वाद. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत; हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून, पाच मिनिटांनी पुसाव्यात.

बिलावर खोल्या, औषधाचं नाव आणि हमीची मुदत असू द्या. एक प्रत मालकांकडे, एक तुमच्याकडे. आणि घर सोडताना तीच बिजागरी, तीच चौकट, पुन्हा टॉर्च, पुन्हा फोटो. किल्ली देण्याआधी.