या चुका टाळा: एक्स-रे क्यूबसॅट बनवताना

क्यूबसॅट म्हणजे डब्याएवढा छोटा उपग्रह. दहा सेंटिमीटरचा डबा, आत एक्स-रे टिपणारा डिटेक्टर, झाली दुर्बीण! असं म्हणत दरवर्षी कुणी ना कुणी पोरं येतात. डबा लहान आहे, काम नाही.

पहिली चूक खास मुंबईची. डिटेक्टर थंड केला की नॉइज कमी होतो, हे सगळ्यांना पाठ. मग भर जुलैत, खिडकी उघडी ठेवून, डिटेक्टरच्या उघड्या चिपखालचा पेल्टिए कूलर (विजेवर थंड होणारी चकती) उणे वीसवर नेतात. पावसाळ्यात इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असेल त्यावर पाणी धरणारच. एसीतून बाहेर पडल्यावर चष्म्याचं होतं तेच. एका रात्री आमच्या टेबलावर काउंट, म्हणजे डिटेक्टरने मोजलेल्या नोंदी, चढायला लागले. जवळपास किरणोत्सारी सोर्सच नव्हता, तरी एकाने आलेख ग्रुपवर टाकला, "सिग्नल!" मीही तीनपर्यंत खुशीत जागलो, हे कबूल करतो. सकाळी झाकण काढलं तर बोर्डावर थेंब. वाढत होता तो लीकेज करंट, म्हणजे नको तिथून झिरपणारी वीज. डिटेक्टर कामातून गेला, दुसरा यायला पाच महिने. तेव्हापासून मी बंद डब्यात कोरडा नायट्रोजन सोडतो, आत आर्द्रतामापक ठेवतो आणि कूलर बंद केल्यावर चहा घेऊन आल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. घाईच असेल तर ड्रोन बनवा.

ट्यूबलाइट लावल्यावर काउंट बदलले तर प्रकाश आत शिरतोय. सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका.

फक्त लोह-५५ या किरणोत्सारी सोर्सवर कॅलिब्रेशन, म्हणजे डिटेक्टरची ऊर्जेची पट्टी लावणं? त्याच्या ५.९ आणि ६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या, त्यांवरून पट्टी काय लावणार! अमेरिशियम-२४१ या दुसऱ्या सोर्सच्या १३.९ आणि १७.८ च्या रेषाही घ्या. पण सोर्स हाताळायचे नियम आधी वाचा. अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरलाच आहे, लांब नाही.

आणि कक्षा. २०१५ च्या अॅस्ट्रोसॅटला, म्हणजे भारताच्या अंतराळ दुर्बिणीला, विषुववृत्ताशी जेमतेम ६ अंश कललेली कक्षा दिली, म्हणून तो दक्षिण अटलांटिकवरच्या, डिटेक्टरला त्रास देणाऱ्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्याला बराचसा टाळतो. क्यूबसॅटला असं कोण विचारतं? मोठ्या उपग्रहासोबत मिळेल ती जागा. २०१८ चा हेलोसॅट हा एक्स-रे क्यूबसॅट अंतराळ स्थानकावरून सोडला, त्यामुळे कक्षाही स्थानकाचीच, म्हणजे त्या पट्ट्यातून जाणारी. म्हणून त्या पट्ट्यात डिटेक्टर आपोआप बंद होईल असा कोड पहिल्या दिवशी लिहा. "नंतर अपलोड करू" म्हणणाऱ्याला मी सोल्डरिंगही देत नाही.