घरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्वस्त रोटरी स्विच कसा निवडावा

इनपुट सिलेक्टरसाठी, म्हणजे कोणत्या उपकरणाचा आवाज ऐकायचा ते नॉब फिरवून निवडण्यासाठी, महागडा आयात केलेला स्विच लागतोच असं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारा प्लॅस्टिक बॉडीचा साधा रोटरी स्विच कित्येक वर्षं सुरळीत चालतो. फक्त तो त्या कामाचा हवा.

आधी पोल आणि वे ठरवा. पोल म्हणजे एकाच वेळी किती वेगळ्या लाइन बदलायच्या, आणि वे म्हणजे प्रत्येक लाइनला किती पर्याय. या स्विचला बाहेरच्या गोलात १२ पाय असतात, आतल्या बाजूला प्रत्येक पोलचा सामाईक पाय (कॉमन). त्याच बारांची वाटणी १ पोल १२ वे, २ पोल ६ वे, ३ पोल ४ वे किंवा ४ पोल ३ वे अशी होते. स्टिरिओला डावा-उजवा मिळून दोन पोल पुरतात. ग्राउंड सहसा स्विच करत नाहीत. टीव्ही, फोन आणि सीडी प्लेअर एवढंच जोडायचं असेल तर २ पोल ६ वे घ्या आणि उरलेल्या जागा नटखालच्या दात असलेल्या रिंगने बंद करा. त्यासाठी नट-वॉशर काढून शाफ्ट डावीकडे शेवटपर्यंत फिरवा, मगच रिंगचा दात हव्या त्या भोकात बसवा. शाफ्ट मध्येच असताना रिंग बसवली की जागांची मोजणी चुकते.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत: स्विच शॉर्टिंग आहे की नॉन-शॉर्टिंग? शॉर्टिंग स्विच पुढचा कॉन्टॅक्ट धरल्यावर मागचा सोडतो, नॉन-शॉर्टिंग आधी मागचा सोडतो आणि मग पुढचा धरतो. इनपुट सिलेक्टरला असा स्विच लावला तर प्रत्येक खटक्याला दोन उपकरणांची आउटपुट क्षणभर एकमेकांना भिडतात. तिथे नॉन-शॉर्टिंगच हवा. रेझिस्टर लावून पायरीपायरीचा व्हॉल्यूम बनवायचा असेल तर मात्र शॉर्टिंगच घ्या. नाहीतर दोन पायऱ्यांच्या मध्ये सर्किट तुटून ‘टक्’ आवाज येतो, आणि काही जोडण्यांत क्षणभर पूर्ण आवाज स्पीकरवर आदळतो. दुकानदाराला सांगता आलं नाही तरी काउंटरवरच तपासता येतं. मल्टिमीटर बझरवर ठेवा, एकाच पोलच्या शेजारशेजारच्या दोन पायांना प्रोब लावा आणि शाफ्ट अगदी सावकाश फिरवा. मधल्या टप्प्यावर बझर वाजला तर स्विच शॉर्टिंग.

पंख्याच्या रेग्युलेटरचा किंवा स्टॅबिलायझरचा स्विच दणकट दिसतो म्हणून घेऊ नका. त्याचे कॉन्टॅक्ट मोठ्या करंटसाठी असतात. ऑडिओच्या इवल्याशा सिग्नलला त्यांच्यावरचा काळा थर भेदता येत नाही आणि खरखर येते. उलट लहान सिग्नल स्विच स्पीकर लाइनवर लावू नये. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर २.५ अँपिअर वाहतात, एवढ्याने त्याचे कॉन्टॅक्ट जळतात.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या ट्रेमधले स्विच लवकर काळे पडतात. पाय चकचकीत असलेलाच उचला. काळ्या पायावर सोल्डर धरत नाही. शाफ्ट ६ मिमीचा असेल तर नॉबही ६ मिमीचाच घ्या, पाव इंची नॉब डगमगतो.

सोल्डर करताना वायर आधी टिन करून घ्या, म्हणजे तिच्या टोकावर सोल्डरचा पातळ थर चढवा. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. प्लॅस्टिक मऊ झालं की पाय कलतो आणि आतला कॉन्टॅक्ट सैल होतो. स्विच असा धरा की पाय खाली राहतील, म्हणजे सोल्डरमधला वितळलेला फ्लक्स (राळ) आत ओघळणार नाही.

सॉकेट मागे आणि नॉब पुढे असेल तर सिग्नल पुढपर्यंत आणूच नका. सॉकेटजवळ १२ व्होल्टचे छोटे सिग्नल रिले (कॉइलमध्ये वीज गेली की चालणारे स्विच) लावा, प्रत्येक कॉइलला उलटा डायोड द्या आणि पुढे १ पोलचा स्विच बसवा. त्यातून फक्त कॉइलचा डीसी जातो, त्यामुळे सर्वांत स्वस्त स्विचही चालतो.